भर दुपारचे दिवे

भर दुपारी बाराच्या उन्हात दिवे लावून गाडी चालवणाऱ्या माणसावर बंगळूर शहर जेवढं प्रेम करतं, तेवढं दुसऱ्या कुणावरही करत नाही. एरवी इथे कुणाला कुणाकडे बघायला फुरसत नसते. सिग्नलला शेजारी हत्ती येऊन उभा राहिला तरी माणसं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. पण तुमच्या गाडीचे दिवे दिवसा चालू दिसले, की अख्खं गाव हातातलं काम टाकून मदतीला धावतं. समोरून येणारा प्रत्येक जण हात उंचावून मुठीची उघडझाप करतो. रिक्षावाले करतात, बसचे ड्रायव्हर करतात, शहाळीवाला कोयता खाली ठेवून करतो. ज्यांच्या स्वतःच्या स्कूटरचा दिवा कंपनीनेच कायमचा चालू ठेवून दिलेला असतो, ते स्कूटरवालेसुद्धा जिवावर उदार होऊन एक हात सोडतात आणि उघडझाप करतात.

विलास बेहेरे खंडेनवमीपासून हे प्रेम सोसत होता. सुरुवातीला त्याने मान डोलावून आभार मानले. मग नुसतं हसून पाहिलं. पुढे पुढे तो समोर असा बघू लागला, की जणू हे दिवे आपले नाहीतच, मागून येणाऱ्या कुणाचे तरी आहेत.

आता कुणीही शहाणा माणूस विचारेल, की बाबा रे, दिव्यांची एक दांडी असते, ती फिरवून दिवे बंद करायला काय होतं? काही होत नव्हतं. दांडी जागच्या जागी होती, चांगली हाताशी होती. पण ती हाताने फिरवणं म्हणजे संध्यासमोर हार मानणं होतं. कारण गाडी घरी आणली त्या दिवशी विलासने दिवाणखान्यात उभं राहून तिच्या गुणांचं सविस्तर वर्णन केलं होतं. या गाडीला अक्कल आहे, तो म्हणाला होता. अंधार पडला की दिवे आपोआप लागतात, उजाडलं की आपोआप विझतात. पुढच्या गाडीच्या फार जवळ गेलो तर ती स्वतः ओरडते. आपल्याला कशाला हात लावावा लागत नाही!

"दिव्याला हात लावायचा मला कधी त्रास झाला नव्हता," संध्या म्हणाली होती आणि कुकर लावायला आत निघून गेली होती.

तिचा राग गाडीवर नव्हताच. तो चिमणीमुळे होता. चिमणी म्हणजे बेहेऱ्यांची जुनी, करड्या रंगाची, छोटी गाडी. विलासच्या नोकरीपायी पुणं सोडून दोघं राजाजीनगरात राहायला आली तेव्हा संध्याला ना इथली भाषा येत होती, ना रस्ते. चाळिशी उलटल्यावर ती या गाडीवर चालवायला शिकली. दोनदा खांबाला धडकली, एकदा तर पोलिसाच्या मोटरसायकलला. चिमणीतला रेडिओ ऐकत ऐकत ती कन्नड शिकली, तेही रिक्षावाल्याशी भांडून जिंकण्याइतकं. बँक, बाजार, मैत्रिणी, सगळं तिचं तिने मिळवलं ते त्या गाडीत बसून. आणि ती नागपूरला आईकडे गेली असताना विलासने चिमणी विकून टाकली. त्याच्या मते ते सरप्राइज होतं. नवऱ्यांच्या शब्दकोशात या शब्दाचा नेमका अर्थ काय दिलेला असतो, हे बायकांना अजून कळलेलं नाही.

चिमणी घेणारा मुलगा भला होता. प्रणीत त्याचं नाव, होसकोट्याच्या एका कारखान्यात कामाला. त्याची तक्रार एकच होती. "सर, सेकंड की मिली क्या?" असा त्याचा अधूनमधून फोन यायचा. चिमणीची दुसरी किल्ली काही केल्या सापडत नव्हती. विलासने माळा उपसला, देव्हाऱ्याच्या मागे हात घातला, डाळींचे डबेसुद्धा ताटात ओतून पाहिले. संध्या शांतपणे त्या डाळी परत डब्यात भरायची आणि म्हणायची, "कुठे गेली कोण जाणे."

नव्या गाडीत ती कधी बसली नाही. मेट्रोने जायची, बसने जायची, चालत जायची. गाडीचा उल्लेख करावाच लागला तर 'तुझी गाडी' म्हणायची. शेवटी मध्यस्थी केली ती तळमजल्यावरच्या हयवदनरावांनी. त्यांचं घराणं मराठी खरं, पण बंगळुरात त्यांच्या इतक्या पिढ्या झाल्या होत्या की विलास-संध्याकडे ते काल-परवा आलेल्या पाहुण्यांसारखं कौतुकाने बघत.

"अक्का, असं करू नये," ते संध्याला म्हणाले. "खंडेनवमीला पूजा घाला गाडीची. स्वतःच्या हाताने घाला. मग बसा की! पूजा केलेल्या वस्तूवर राग धरला तर वस्तूला लागतो तो."

त्यांचा शब्द संध्या मोडत नसे. खंडेनवमीला बंगळुरात कात्रीपासून क्रेनपर्यंत सगळ्यांची पूजा होते, तशी बेहेऱ्यांच्या गाडीचीही झाली. पुढे दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले, बॉनेटवर शेवंतीची माळ आली, हयवदनरावांनी कोहळा ओवाळून फाटकापाशी आपटला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. आणि संध्याने गंध उगाळलं. पुढच्या काचेवर तिने आधी तळहाताएवढा गंधाचा जाड लेप दिला आणि त्यावर कुंकवाचं सुरेख स्वस्तिक काढलं. कुठे काढावं याचाही तिने विचार केला होता. काचेच्या अगदी वर, मध्यभागी, बरोबर आतल्या आरशाच्या पाठीमागे काढलं, म्हणजे चालवणाऱ्याच्या नजरेला अडथळा व्हायला नको. इतक्या महिन्यांत तिने विलासच्या सोयीचा विचार केला तो हा पहिलाच.

"आणि हे पुसायचं नाही हं," ती म्हणाली. "आपोआप जाईल तेव्हा जाऊ दे."

विलासला भरून आलं. त्याने दार उघडून धरलं, संध्या पदर सावरून बसली, लिंबं फुटली, आणि गाडी देवळाकडे निघाली. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे स्टिअरिंगसमोरच्या पट्टीवर 'टुंग' असा आवाज होऊन एक पिवळा दिवा लागला. त्याच क्षणी, सकाळच्या लख्ख उन्हात, गाडीचे पुढचे मोठे दिवेही लागले. समोरून येणाऱ्या दूधवाल्याने मूठ उघडून मिटून दाखवली.

"हे काय?" संध्याने विचारलं.

"काही नाही. जाईल तो," विलास म्हणाला. तो गेला नाही. देवळापर्यंत गेला नाही, देवळाहून निघताना गेला नाही. संध्या नारळाची पिशवी घेऊन देवळाच्या दारातच उतरून उभी राहिली.

"मी माझ्याकडून राग संपवला होता," ती म्हणाली. "आता हिलाच मी नको असेन तर मी काय करणार?" आणि ती चालत घरी गेली.

संध्याकाळी तिने स्वतः प्रणीतला फोन केला. त्याच्या वडिलांचे गुडघे चिमणीत मावत नव्हते, त्यामुळे परत द्यायला त्याची ना नव्हती. "रविवारी होसकोट्याला जायचं," तिने विलासला सांगितलं. "तोवर तुझा तो पिवळा दिवा गेला तर ठीक. नाहीतर मी माझी चिमणी परत आणते. तू तुझी ही अक्कलवाली घेऊन फिर."

एका घरात दोन गाड्या असल्या की लोक त्याला सुबत्ता म्हणतात. पण विलासला कळलं की ही सुबत्ता नाही, वाटणी आहे. तुझी तुला, माझी मला, असं एकदा सुरू झालं की ते गाडीपाशी थांबत नाही. तो घाबरला, अगदी मनापासून घाबरला.

मग त्याने कामाला सुरुवात केली. तो इंजिनियर होता. संगणकाचा असला म्हणून काय झालं? गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक त्याने पहिल्यांदाच उघडलं. पुस्तक म्हणत होतं, की हा पिवळा दिवा लागला तर पुढच्या कॅमेऱ्याला नीट दिसत नाही असं समजावं, अंधार-उजेड तोच ओळखत असल्यामुळे तोवर मोठे दिवेही लागून राहतील, कॅमेऱ्यासमोरचा भाग स्वच्छ करावा, आणि तरीही न गेल्यास अधिकृत सेवाकेंद्रात जावं. विलासला हायसं वाटलं. पुढचा कॅमेरा त्याला ठाऊक होता. गाडीच्या नाकावर, कंपनीच्या चिन्हाखाली एक छोटा गोल डोळा होता, गाडी लावताना तो पडद्यावर भिंत दाखवायचा. विलासने जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि त्या डोळ्याची अशी सेवा केली की तशी स्वतःच्या दातांची कधी केली नसेल. काचसुद्धा वर्तमानपत्राने लख्ख पुसली, स्वस्तिकाला धक्का न लावता, बाजूबाजूने. रोज गाड्या धुणारा मल्लाप्पाही ते स्वस्तिक तसंच सांभाळत होता, पाण्याचा एक थेंब तिकडे जाऊ देत नव्हता. पिवळा दिवाही तसाच होता, फक्त मधूनमधून विझून पुन्हा लागत होता. विलासने याला सुधारणा मानलं.

हयवदनराव तपासणीला आले. त्यांनी दिव्याकडे पाहिलं नाही, चाकांकडे पाहिलं. "हं," ते म्हणाले. "मागचं डावीकडचं लिंबू फुटलंच नव्हतं. घसरून बाजूला गेलं होतं. मी तेव्हाच बघितलं, पण शुभवेळी कशाला बोला म्हणून गप्प राहिलो."

"लिंबाचा आणि कॅमेऱ्याचा काय संबंध?" विलास म्हणाला.

"संबंध आपल्याला दिसला असता तर दिवा कशाला लागला असता?" हयवदनराव म्हणाले. या युक्तिवादाला इंजिनियरिंगच्या चारही वर्षांत उत्तर शिकवलेलं नाही. तेव्हा पुन्हा लिंबं आणली गेली. ती चाकांखाली नीट बसली आहेत की नाहीत हे हयवदनरावांनी स्वतः जमिनीवर वाकून पाहिलं. वाकल्यावर त्यांना सरळ होता येईना. विलास-संध्याने मिळून त्यांना उभं केलं, कमरेला धरून बाकावर बसवलं, आणि बसल्या जागेवरून त्यांनी संध्याला सूचना केली. "अक्का, ते स्वस्तिक स्वल्प फिकं पडलंय बघा. पुन्हा गडद करा. अर्धवट काही ठेवू नये."

संध्या मनात नसताना खाली आली होती, पण गंध उगाळायला लागली की तिचा हात आखडत नसे. तिने लेपावर लेप दिला आणि स्वस्तिक पुन्हा ठसठशीत केलं. चारी लिंबं फुटली. हयवदनरावांनी टाळी वाजवली. विलासने गाडी फाटकाबाहेर नेली, आणि आतापर्यंत जो पिवळा दिवा लागून विझून लागत होता, तो कायमचा लागला.

"म्हणजे फरक पडला ना?" हयवदनराव बाकावरून म्हणाले.

वरच्या मजल्यावर नरसिंह राहत. विद्युत मंडळातून निवृत्त झालेले गृहस्थ. जगातलं कोणतंही यंत्र एकदा बंद करून चालू केलं की सुधारतं, यावर त्यांची श्रद्धा होती, आणि तीस वर्षं त्यांनी शहराच्या एका मोठ्या भागावर तिचा प्रयोग केला होता. "बॅटरी निकालो," ते विलासला म्हणाले. "थोडा टाइम रखो. फिर लगाओ. उसका दिमाग साफ हो जायेगा."

विलासला हे पटलं, कारण ऑफिसात तो स्वतः लोकांना दुसरं काही सांगत नसे. त्याने पाना आणला, बॅटरीची तार काढली. नरसिंहांनी त्या वेळात कॉफी पाजली. तार परत लावली तेव्हा गाडीचं दिमाग खरोखरच साफ झालं होतं. घड्याळ मध्यरात्र दाखवत होतं. काचा एका बटणावर पूर्ण खाली जात होत्या पण वर येताना अर्ध्यातच थांबत होत्या. रेडिओ सगळी स्टेशनं विसरला होता. आणि पिवळ्या दिव्याच्या शेजारी आणखी दिवे लागले होते. एक चाकाचा, एक घसरत्या गाडीचा, एक नुसत्याच उद्गारचिन्हाचा. दिवाळी अजून लांब होती, पण या गाडीने तयारी सुरू केली होती.

"अब कंपनी को बुलाओ," नरसिंह गंभीरपणे म्हणाले आणि वर निघून गेले.

कंपनीला बोलवायचं तर फोन चालत नाही, ॲप लागतं. ॲपमध्ये 'दिवा लागला आहे' असा पर्याय होता. विलासने तो दाबला. 'किती दिवे?' असं ॲपने विचारलं. विलास खोटं बोलणारा माणूस नाही, त्याने 'तीनपेक्षा जास्त' हे दाबलं. त्यावर ॲपने लाल अक्षरात 'कृपया गाडी चालवू नका, आम्ही येत आहोत' असं कळवलं आणि ते कशानेही रद्द होईना. थोड्या वेळाने फाटकापाशी गाड्या उचलून नेणारा भला मोठा ट्रक उभा राहिला.

"अहो, गाडी चालतेय!" विलास ट्रकवाल्याला सांगत होता. "चलता है ये! मैं खुद लेके आता हूँ!"

"आगल्ला सार," ट्रकवाला म्हणाला. होणार नाही. ॲपमध्ये 'चालत नाही' असं लिहून आलं होतं, आणि ॲपपुढे समोर चालणाऱ्या गाडीला काय किंमत? साखळ्या लागल्या. सगळी इमारत गच्च्यांमध्ये उभी होती. शेवंतीची माळ अजून बॉनेटवर होती, वाळलेले केळीचे खुंट दोन्ही बाजूंना डुलत होते, आणि गाडी ट्रकवर चढून मिरवत राजाजीनगरच्या रस्त्याने निघाली तेव्हा कुणीतरी लहान मुलाने वरून हात जोडले. विलास ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसला होता. वर चढवलेल्या गाडीचे मोठे दिवे चालूच होते. समोरून येणारे लोक ट्रकवाल्याला मुठीची उघडझाप करून दाखवत होते, आणि ट्रकवाला प्रत्येकाला अंगठ्याने विलासकडे दाखवत होता.

सर्विस सेंटरमध्ये कार्तिक नावाचा इस्त्रीच्या शर्टातला तरुण पुढे आला. त्याने गाडीकडे पाहिलं नाही. आजकाल गाडीकडे कुणी बघत नाही, गाडीला लॅपटॉप जोडतात आणि लॅपटॉपकडे बघतात. लॅपटॉपने सांगितलं की बॅटरी काढल्यामुळे लागलेले दिवे थोडं चालवल्यावर जातील. पिवळा दिवा मात्र कॅमेऱ्याचा आहे. कॅमेऱ्यात बिघाड नाही, पण कॅमेऱ्याला दिसत नाही.

"म्हणजे?" विलासने विचारलं.

"कॅमेरा ओके सर. लेकिन व्ह्यू नहीं है," कार्तिक म्हणाला. "कॅमेरा का स्पेशालिस्ट देवनहळ्ळी ब्रांच में बैठता है. दसरा करके वो गाँव गया. आने के बाद बोलेगा."

"कधी येणार?"

"गाँव गया ना सर," कार्तिकने समजावलं, जणू गाव हीच एक तारीख आहे. मग त्याला एक आठवलं. "सर, वॉशिंग में भेज रहा हूँ. ये पूजा का मार्क रखना है या निकालना है? गये साल एक मॅडम का निकाल दिया तो बहुत बड़ा लफड़ा हो गया. तब से पूछना पड़ता है."

विलासने काचेवरच्या स्वस्तिकाकडे पाहिलं. संध्याने त्या गाडीसाठी केलेली ती एकमेव गोष्ट होती. बाकी सगळं बिघडलं होतं, ते तेवढं शाबूत होतं.

"हाथ नहीं लगाने का," तो इतक्या जोरात म्हणाला की शेजारच्या काउंटरवरची माणसं वळून बघू लागली. "बिलकुल नहीं. मेरी मिसेस ने बनाया है वो."

कार्तिकने तशी सक्त सूचना आत दिली. गाडी धुऊन आली तेव्हा आरशासारखी चमकत होती, माळ आणि केळीचे खुंट गेले होते, आणि लेपासकट स्वस्तिक जसंच्या तसं होतं. कुणीतरी त्याच्यावर पॉलिथिनचा तुकडा चिकटवून धुतलं होतं. विलासने त्या माणसाला शोधून त्याचे आभार मानले.

रविवार आला. बाकीचे दिवे गेले होते, पिवळा होता. आदल्या संध्याकाळपर्यंत विलास कुठल्या तरी चमत्काराची वाट पाहत होता, पण चमत्कार गावी गेला असावा. सकाळी संध्या तयार होऊन खाली आली, खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली. ती मागच्या सीटवर बसते की काय अशी विलासला धास्ती होती. ती पुढे बसली, पण पर्स मांडीवर घट्ट धरून, बसमध्ये बसतात तशी.

जुन्या मद्रास रोडला लागेपर्यंत संध्याने पर्सवरचा हात काढला नाही. दिवे आपले चालू. एका चौकात वाहतूक पोलिसाने शिट्टी वाजवून थांबवलं, विलासने कागद काढायला हात घातला, तर पोलीस प्रेमाने म्हणाला, "लाइट ऑन इदे सार," आणि पुढे जायला सांगितलं. संध्या खिडकीबाहेर बघत होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं असं विलासला वाटलं, पण विचारायचा धीर झाला नाही.

कृष्णराजपुरम ओलांडल्यावर आभाळ भरून आलं. आधी टपोरे थेंब पडले, मग पाऊस नीटच सुरू झाला. विलास पुढे वाकून, डोळे बारीक करून गाडी हाकत राहिला. पुढची लॉरी दिसेनाशी झाली, नुसतं तिचं लाल काहीतरी दिसत राहिलं.

"अरे, वायपर लाव ना!" संध्या म्हणाली.

"तूच म्हणाली होतीस ना, पुसायचं नाही."

"काय पुसायचं नाही?"

"स्वस्तिक. आपोआप जाऊ दे म्हणालीस."

संध्याने त्याच्याकडे पाहिलं. "विलास, तू इतका वेळ त्यासाठी आंधळ्यासारखा चालवतोयस? अरे, पावसाने गेलं तर ते आपोआपच झालं! लाव आधी!"

विलासने वायपर लावला. पहिल्या फेरीत काचेवर वरून एक लाल-पिवळा ओघळ आला. दुसऱ्या फेरीत तो काचभर पसरला, तिसऱ्या फेरीत खाली वाहून गेला. काच स्वच्छ झाली. समोरची लॉरी तिच्या मागे लिहिलेल्या सगळ्या मजकुरासकट दिसू लागली. आणि समोरच्या पट्टीवर 'टुंग' झालं.

पिवळा दिवा विझला. पाठोपाठ मोठे दिवेही विझले.

दोघंही त्या पट्टीकडे बघत राहिली. मग दोघांनी एकदमच वर पाहिलं, आरशाकडे. संध्याने मान वाकवून, आरशाच्या मागे डोकं घालून पाहिलं. तिथे काचेला चिकटलेली एक काळी डबी होती, आणि त्या डबीत एक छोटासा डोळा होता. तो आता पाऊस बघत होता.

"हा कॅमेरा आहे?" तिने विचारलं.

"असावा," विलास म्हणाला. नाकावरचा तो दुसराच होता, गाडी लावायचा, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. दातांचा ब्रश आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"म्हणजे हे सगळं माझ्यामुळे. मी त्याच्या डोळ्यावर गंध थापलं."

"तू कुठे? तू तर माझ्या नजरेला अडथळा होऊ नये म्हणून तिथे..."

"पण मग सर्विस सेंटरमध्ये गेलं कसं नाही? बाकी एवढी चकचकीत धुतली ना त्यांनी?"

"विचारलं होतं त्यांनी, ठेवायचं की काढायचं."

"मग?"

"मी म्हटलं, हात लावायचा नाही." विलास समोर बघत म्हणाला. "तू काढलं होतंस ना."

संध्याने पर्स खांद्याला अडकवली. वायपर फिरत होता. ती म्हणाली, "गाडी बाजूला घे."

इथे उतरून ती बसने जाणार, असंच विलासला वाटलं. एका टायरच्या दुकानापुढे त्याने गाडी घेतली. संध्या उतरली, पदर डोक्यावर घेऊन पावसातून गाडीला वळसा घालून त्याच्या दारापाशी आली आणि काचेवर टकटक केलं.

"सरक. मी चालवते."

विलास पलीकडच्या सीटवर सरकला. सरकताना त्याचा गुडघा गिअरला आपटला, पण ती वेळ ओरडायची नव्हती. संध्याने सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला लावले, आणि पर्स उघडली. पर्सच्या आतल्या कप्प्यात हळदी-कुंकवाची छोटी डबी होती, तिच्याखालून तिने एक किल्ली काढून विलासच्या हातावर ठेवली. करड्या गाडीची किल्ली, तिला अजून लाल गोंडा बांधलेला.

"कुठे सापडली?" विलासने विचारलं.

"हरवली कुठे होती?" संध्या म्हणाली. डाळींचे डबे विलासच्या डोळ्यांसमोर एकामागून एक येऊन गेले. "प्रणीतला देऊन येऊ. आपल्यामुळे बिचाऱ्याचा खोळंबा झालाय. चिमणीला एकदा बघेन, आणि मग परत फिरू."

"आणि त्याच्या वडिलांचे गुडघे?"

"सीट मागे सरकते म्हणून सांगू. त्यांना ती खुंटी सापडली नसेल." तिने गाडी सुरू केली. पाऊस होताच, म्हणून तिने हाताने दांडी फिरवली. दिवे लागले. विलासने 'अगं, ते आपोआप' असं म्हणायला तोंड उघडलं आणि बरंच आयुष्य झाल्यानंतर येतं ते शहाणपण येऊन वेळेवर मिटलं.

होसकोट्याच्या अलीकडे पाऊस थांबला, ऊन आलं. गाडी रस्त्यावरून छान चालली होती. समोरून येणाऱ्या एका रिक्षावाल्याने हात बाहेर काढून मुठीची उघडझाप केली.

"ठाऊक आहे, अण्णा," संध्या काचेआडून म्हणाली. "मीच लावलेत."